मामाचं नाव रविराज

— नाही ताई, थांबा, ते 'व्यवसाय' म्हणून आलंय ना, तिथं नका टाइप करू अजून. वकीलसाहेबांनी काय लिहून दिलंय? 'खाजगी नोकरी.' हां, दिलंय त्यांनी लिहून, पण त्यांना कुठं सगळं ठाऊक आहे — तेवढी जागा मोकळी सोडा, पुढचं घ्या. मी धनेश, वय तेवीस, राहणार थेरगाव, बरोबर. अल्पवयीन वर्षाली हिचा सख्खा मामा, बरोबर. हिचे वडील दोन वर्षांपूर्वी टँकरखाली मयत, आई पाच महिन्यांपूर्वी — लिहा, लिहा, थांबू नका, लिहायचंच आहे ते. फक्त 'अल्पवयीनची आई' असं मोघम नको. नाव होतं तिला. साधना. मी आक्का म्हणायचो. आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, आक्का दहाची. तिनं मला काखेत मारून वाढवलं आणि कावीळ झाली तर आठ दिवसांत गेली. तिला कागदावर नुसतं 'आई' लिहून कसं चालंल? — तुम्हाला घाई आहे, कळतंय मला. मलाबी आहे. चार वाजायच्या आत कोर्टात द्यायचंय हे.

वर्षू कुठली? ती काय, नोटरीच्या पाटीखाली कट्ट्यावर बसलीय, लाल रिबीनवाली. सात पूर्ण. दुसरीत आहे. वेणी वाकडी आहे, माहीत आहे मला, मीच घालतो — साडेनऊ बोटांत जेवढी बसंल तेवढी बसती. गप्प का आहे? उन्हानं. सकाळी सातपासून बाहेर आहे ती. लई बोलते एरवी, डांगे चौकात सिग्नलला थांबलो तरी शेजारच्या रिक्षावाल्याला स्वतःच्या बाईंचं नाव सांगून मोकळी होते. आता उन्हानं गप्प आहे.

तर, विरोध. 'अर्जदार रविराज यांच्या पालकत्वाच्या अर्जास माझा विरोध आहे' — विरोध! मला हसायला येतं ताई. त्या अर्जाच्या झेरॉक्सा मी काढल्या. ह्या हातानं. रविराज म्हणजे वर्षूचा काका, माझ्या दाजींचा धाकटा भाऊ. आक्काच्या तेराव्याला माझ्या गळ्यात पडून रडला, मला म्हणाला, धन्या, पोरगी तुझ्याजवळच राहणार, तुझ्याशिवाय ती जेवायची नाही. पण शाळेत पालकाचा कागद मागतात, उद्या आधारला मागतील, दवाखान्यात मागतील, आणि तुझ्याकडं दाखवायला आहे काय? ना नोकरीचा कागद ना शिक्षणाचा. माझ्या नावानं अर्ज लावू, नुसता नावाला, सांभाळ तू. खरं वाटलं मला. खरंच होतं ना ते, माझ्याकडं कागद काहीच नव्हता. मी स्वतः ठेकेदाराच्या हापिसात जाऊन साडेतीन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा मागून आणल्या, ओळीनं लावल्या, टाचण्या मारल्या. 'माझी हरकत नाही' म्हणून सही केली. वाचलं का? सातवी शिकलेला माणूस कोर्टाचं मराठी काय वाचणार ताई, मी सही कुठं करायची तेवढं बघितलं.

मग आला ना मागच्या महिन्यात, पाहुण्याची गाडी घेऊन. म्हणतो, तिचे कपडे भर. कशाला रे? म्हणे गावाकडं नेतो, तुझी भाची असंल, माझी पुतणी आहे ती, आमचं रक्त आहे, तू कोण? तू कोण म्हणाला मला. माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पिऊन. मागनं कळलं, गावाकडं रस्ता रुंद होतोय, दाजींच्या वाट्याचा तुकडा त्यात जातोय, तो आता वर्षूच्या नावावर आहे आणि त्याचे पैसे उचलायला पोरीसाठी पालकाची सही लागती. म्हणजे पोरगी नको होती राव, पोरीमागची सही पाहिजे होती. सरूबाई आली शेजारची, लाटणं घेऊन दारात उभी राहिली, म्हणून नेली नाही त्यानं. मी कामावर असताना सरूबाईच बघती तिला. मग मी वकील धरला.

काय म्हणालात? — हां. हुशार आहात. स्लिपा मी का आणल्या. त्याच्या पगाराच्या स्लिपा मला ठेकेदारानं का दिल्या.

आता तुम्ही हे टाइप करू नका, नुसतं ऐका. चाकणला गेटवर पहिलं काय विचारतात? आयटीआय आहे का? नाही म्हणलं की पुढचा या. आठ महिने मी त्या एमआयडीसीत गेट-गेट हिंडलो. रविराजकडं आयटीआय होतं, फिटर. तो लागला पत्रा दाबायच्या प्रेसवर आणि आठ दिवसांत पळाला, म्हणे डोक्यात धाड-धाड राहती, मला नाही जमत, मी गावाकडं पुढाऱ्याच्या मागं फिरंन. गेटपास तसाच पडलेला. ठेकेदार मला म्हणाला, मला मशीनवर माणूस पाहिजे, नाव कुणाचं का असंना. फोटो माझा चिकटवला, नाव त्याचं राहिलं. पहिल्या दिवशी सुपरवायझर ओरडतोय, 'रविराज, ए रविराज', आणि मी आपला खाली मान घालून पत्रा सरकवतोय! त्याला वाटलं कानानं गेलेलं आहे पोरगं. तिथं अजून मला बहिरा रविराज म्हणतात. साडेतीन वर्षं, ताई. माझा धनेश फक्त घरात आल्यावर चालू व्हायचा. आक्का दारातच म्हणायची, आलास का रे रविराज, हातपाय धू, म्हणजे धनेश येईल जेवायला. हसायची. लई हसायची त्याच्यावर.

तर त्या स्लिपा — त्या माझ्या आहेत. तो घाम माझा आहे. त्या कागदांवर तो आज आत उभा राहिला आणि त्याचा वकील म्हणतोय, अर्जदार कष्टाळू आहे, साडेतीन वर्षं एका जागी टिकून आहे, आणि हा मामा, ह्याच्या नोकरीचा एक पुरावा नाही, हा दिवसभर काय करतो कुणास ठाऊक! दिवसभर काय करतो! हे बघा काय करतो. डावा हात. हे बोट गेल्या वर्षी प्रेसखाली गेलं, अर्धं. आणि कागदावर कुणाचं गेलं? रविराजचं. दवाखान्याचं कार्ड त्याचं, केसपेपर त्याचा, टाके माझे. आणि तो तिथं दहाच्या दहा बोटं जोडून जजमॅडमला नमस्कार घालतोय.

मी बोललो का नाही? मी बोलणारच होतो. पण वाटलं, कशाला, पोरगी बोलंल ना. वकीलसाहेब म्हणाले होते, मॅडम लेकराला एकटीला आत घेतात आणि विचारतात, कुणाजवळ राहायचं, कोण सांभाळतं. मी म्हणलं, मग संपलं. तिला काय विचारायचंय? माझ्या ह्या अर्ध्या बोटाला धरून झोपती ती. आक्का गेल्यापासून ते धरल्याशिवाय डोळा लागत नाही तिचा. मी निवांत बाहेर उभा. रविराजकडं बघून हसलोबी.

ताई, बोट गेलं ना, तेव्हा ठेकेदारानं सांगितलं होतं, कंपनीचा माणूस घरी येईल चौकशीला, वह्या-कागद घेऊन. आक्काला कळलं असतं काय बोलायचं ते. पण ती असायची दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला, घरात वर्षू. म्हणून मी तिला शिकवलं. कुणी कागद घेऊन आलं आणि विचारलं, मामाचं नाव काय? तर काय सांगायचं? रविराज. आणि धनेश कोण? माहीत नाही. बरोबर आलं की बिस्किटाचा पुडा. चुकलं की पुन्हा. आक्का चिडायची, लेकराला खोटं शिकवू नको म्हणायची. मी म्हणायचो, अगं खोटं कुठं, पोटाचं आहे ते. महिनाभर रोज संध्याकाळी घोकून घेतलं. कुणी आलंच नाही चौकशीला. मी विसरून गेलो.

ती नाही विसरली.

जजमॅडमच्या हातात कागद होते ताई. केवढा तरी गठ्ठा. मॅडमनी विचारलं, बाळा, तुझी वेणी कोण घालतं? म्हणाली, रविराज. डबा कोण करतं? रविराज. रात्री भीती वाटली तर कुणाजवळ जातेस? रविराज. आणि धनेश कोण? — माहीत नाही. दोनदा विचारलं म्हणे त्यांनी. दोनदा तेच. मला कुणी सांगितलं? तिनंच! पळत आली बाहेर, सगळ्या वकिलांच्या पायांतनं वाट काढत, तोंडभर हसत — मामा, मी एकपण नाही चुकले. आणि हात पुढं केला. पुड्यासाठी.

मी मारली तिला.

काय बघताय असं? मारली. तिथंच जिन्यात. फाडकन. पाच महिन्यांत कधी बोट लावलं नव्हतं. मला त्या वेळेला ती वर्षू दिसलीच नाही, मला वाटलं, तूपण? सगळे फिरले, आणि तूपण? सात वर्षांच्या पोरीला, ताई. आणि ती रडली नाही. हात तसाच पुढं ठेवून बघत राहिली, की कुठलं उत्तर चुकलं. रविराजच्या वकिलानं मोबाइलवर घेतलंय म्हणे. घेऊ दे. तेव्हापासून बोलत नाही ती. उन्हाबिन्हाचं काही नाही. रविराजनं उचलून घेतली तिला, सगळ्यांदेखत, 'बघा, रक्त ओळखतं' — आणि तिनं त्याचा डावा हात धरला, बोटं चाचपली आणि सोडून दिला. उतरली खाली. कुणीच बघितलं नाही ते. कोर्टात एवढी माणसं, एकानं बघितलं नाही.

म्हणून म्हणलं, ती जागा मोकळी सोडा. आता टाइप करा. लिहा — मी, धनेश, हा रविराज या नावानं साडेतीन वर्षं कामावर होतो. लिहा ताई. जोडलेल्या स्लिपा माझ्या आहेत. पुरावा म्हणून दवाखान्याचा केसपेपर बघावा, त्यात ज्याचं बोट गेलं त्यानं पुढं यावं. माझा हात मी मॅडमसमोर टेबलावर ठेवतो, त्याला म्हणावं तूपण ठेव. — माहीत आहे. नोकरी जाईल. ठेकेदार हात वर करंल. फसवणुकीची केस होईल, मॅडम म्हणतील, हा तर खोट्या नावाचा माणूस, ह्याच्याकडं मुलगी कशी देऊ, आणि पाठवतील तिला एखाद्या संस्थेत. सगळं माहीत आहे. वकीलसाहेबांना विचारलं तर ते म्हणतील गप्प बस. म्हणूनच तुमच्याकडं बसलोय ना. पण मी गप्प बसलो तर ती त्याच्याकडं जाणार आणि तिला जन्मभर वाटणार की तिनं बरोबर सांगितलं म्हणून तिला घालवून दिली. ते नको. बाकी काय व्हायचं ते होऊ दे.

झालं टाइप? काढा बाहेर. — सही करतो, थांबा. आधी तिला सांगू दे. तिच्या तोंडून एकदा निघू दे.

वर्षू, ये इकडं. ये की. मारत नाही मी, आक्काची शपथ. ये. ह्या ताई आहेत, चांगल्या आहेत. ह्यांना सांग बरं, मामाचं नाव काय? खरं नाव. घरातलं. आई हाक मारायची ते. सांग, मग आपण पुडा घेऊ, दोन घेऊ — नाही, पुडा नाही, पुड्यासाठी नाही सांगायचं. नुसतं सांग. — असं काय बघतेस? माझ्याकडं बघ. मी आहे ना. —

ताई, तो तुमच्या हातातला कागद खाली ठेवा जरा. अजून खाली. तिला दिसायला नको.