बुटातलं लोखंड

सोनाराच्या रांगेत आजीच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याच्या मुठीत शेंगदाण्याएवढा पिवळा खडा. आजीनं कान टवकारले.

"हे सोनं नसेल, तर ते शोधायचं मशीन विकतो. तुझ्या बांगड्या मोडून घेतलेलं!"

"विकू नका हो. जुनं मशीन तर नुसत्या तांबड्या मातीवरही बोंबलायचं. हे मातीला भीक घालत नाही, खोलातलं सांगतं."

"पण खिळ्यालाही तसंच ओरडतं! पावलोपावली खणून कंबर मोडली."

"पावलोपावली ओरडत होतं ते तुमच्या बुटातल्या लोखंडाला!"

"हळू बोल गं. तू बूट काढायला लावलेस, म्हणून तर हा खडा सापडला."

सोनारानं खडा कसोटीवर घासला.

"अस्सल आहे."

"ऐकलंस? तू होतीस म्हणून गं..."

"बरं बरं. डोळे पुसा, मागे आजी बघतायत."

आजी चटकन छताकडे बघू लागली.