पातळ टाका

सौंसरच्या दवाखान्यात सरलाबाई सोनोग्राफीच्या नंबरसाठी बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर जयवंताबाई आणि त्यांच्या मुलाचं चांगलंच जुंपलं होतं. पाच महिन्यांची गरोदर सून प्रणाली आत तपासणीला गेली होती.

“दोन सिझर झाले तिचे, वैभव. पिशवीचा टाका कागदावानी पातळ झाला म्हणते डॉक्टरीण. उसवला तं?”

“माय, हळू बोल. लोक ऐकून राहिले.”

“ऐकू दे! यंदा संत्र्याचा मृग बहार काऊन नाही घेतला तू?”

“हे काय आता मधातच?”

“सांग ना!”

“आधीच्या आंबिया बहाराची फळं देऊन झाडं थकले होते. लागोपाठ दुसरा घेतला तं झाड वाळते. आराम द्या लागते त्याले.”

“किती?”

“सालभर तरी.”

“अन् हिले पुन्हा दिवस गेले तवा धाकटी केवढी होती?”

वैभवनं खिशातून मोबाईल काढला.

“पाच महिन्यांची! झाडाचं बरं समजते तुले!”

सरलाबाई हातातल्या फाईलकडे पाहत राहिल्या. तेवढ्यात दार उघडून नर्सनं विचारलं, “प्रणालीसोबत कोण आहे?”

वैभव उठला.

“तू बस,” जयवंताबाई पदर खोचत म्हणाल्या. “तिच्यासोबत मी आहो.”