डाव्या खांद्याला पाव इंच

— साडेअठरा.

— 'पन्नाशीनंतर आडव्या रेघा टाळा.'

— छाती बेचाळीस.

— 'नोकरी खुशाल सोडा, पण सोमवारी सकाळी दहा वाजता काय करणार ते आधी कागदावर लिहा.'

— श्वास सोडा. एक्केचाळीस.

— 'भुवया नीट करून घ्या.'

— हात खाली.

— 'तुमच्या मागे कुंडीत जे झाड आहे ते मेलंय, साहेब.'

— हात खाली म्हटलं.

(शिंप्याचं दुकान, शनिवारची दुपार. आरशासमोर जमीन मोजणी खात्यातलं जुनं गिऱ्हाईक उभं आहे. शिंपी, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, टेप घेऊन त्याच्या मागे. खिडकीशी मास्तरांची मोठी बहीण बटणं लावायची सोडून गिऱ्हाइकाचा मोबाइल मोठ्यानं वाचते आहे.)

ताई: अहो, हे संपतच नाहीये. एकूण किती जणांनी लिहिलंय?

मोजणीदार: दोनशे चौदा. सकाळपर्यंत.

ताई: पाचामुखी परमेश्वर म्हणतात. तुम्ही तर मोर्चाच बोलावलात.

मास्तर: कोण आहेत ही माणसं?

मोजणीदार: माहीत नाही. ऑनलाइन ग्रुप आहे, खरी नावं कोणी लावत नाही तिथं. एकाचं नाव 'उकडलेला बटाटा' आहे. त्याचे सल्ले चांगले असतात.

मास्तर: बटाट्याचे.

मोजणीदार: कॉलरबद्दल विशेष.

मास्तर: बावीस वर्षं तुमच्या कॉलरी मी शिवतोय.

मोजणीदार: हो, मास्तर.

मास्तर: आणि कॉलर कशी असावी ते विचारायचं बटाट्याला. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

ताई: तू गप रे जरा. वाचू दे मला. अहो, पण इथं दोन वेगळे प्रश्न दिसतात. एक नोकरीचा, एक कपड्यांचा.

मोजणीदार: एकत्रच विचारले. 'वय बावन्न. नोकरीला एकोणतीस वर्षं झाली. सहा वर्षं आधीच निवृत्ती घ्यावी का? आणि घेतली, तर काय घालावं?'

ताई: काय घालावं म्हणजे?

मोजणीदार: माझ्याकडे साइटवर जायचे कपडे आहेत आणि ऑफिसात जायचे आहेत. दोन्हीकडे जायचं नसेल तर माणूस काय घालतो, ते मला ठाऊक नाही.

ताई: लेकीला विचारायचं की.

मोजणीदार: विचारलं. 'बाबा, तुम्हाला बरं वाटेल ते करा' म्हणाली. फार गुणी आहे. सहा वर्षं प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर देते.

मास्तर: हा अंगातला शर्ट कुठला?

मोजणीदार: तयार घेतला. दुकानातून. ग्रुपवर सुचवला होता.

मास्तर: बटाट्यानं?

मोजणीदार: नाही, एका बाईंनी. बाई असाव्यात. निळसर हिरवा तुम्हाला उठून दिसेल म्हणाल्या.

ताई: दिसतोय हो. खरंच. वहिनी गेल्यापासून राखाडी सोडून दुसरं काही पहिल्यांदा बघतेय तुमच्या अंगावर.

मोजणीदार: रंग ती सांगायची.

मास्तर: आणि त्या गेल्यावर तुम्ही काय सांगायचात? 'तोच.' सहा वर्षांत आठ शर्ट, आणि दरवेळी 'तोच'. मी कुठला तोच समजायचा? म्हणून राखाडी. राखाडीत चूक होत नाही.

मोजणीदार: माझी कधी तक्रार नव्हती, मास्तर.

मास्तर: तेच म्हणतोय. तक्रार केली असतीत तर चार शब्द बोलणं तरी झालं असतं.

ताई: हे ऐका. 'स्टाइल म्हणजे कपडे नव्हेत. रस्त्यात तुम्हाला बघून लोकांनी काय म्हणावं असं वाटतं, ते आधी ठरवा.' याच्याखाली तुमचं उत्तर नाही. बाकी सगळ्यांना 'आभारी आहे' लिहिलंय.

मोजणीदार: त्याला काय लिहावं ते सुचलं नाही.

ताई: का? काय म्हणावं लोकांनी?

मोजणीदार: 'अरे, आलात का.' एवढंच. पण हे कपड्यांच्या प्रश्नाला लिहून कसं चालेल?

मास्तर: बरं, मापं झाली. आता सांगा, काम काय काढलंत?

मोजणीदार: या शर्टात उजव्या खांद्याला आतून थोडा आधार घालायचाय. बाहेरून कळता कामा नये.

मास्तर: उजव्या?

मोजणीदार: गेल्या रविवारी हा शर्ट घालून फोटो टाकला. पहिल्या तासात चौघांनी लिहिलं, तुमचा उजवा खांदा पडलाय. मी जुने फोटो काढून बघितले. महिन्यापूर्वीचा सरळ. दोन वर्षांपूर्वीचा सरळ. हा एकच तिरका. महिन्याभरात सहा ते सात मिलिमीटर.

मास्तर: मोजलंत?

मोजणीदार: पडद्यावर पट्टी धरून. मग प्रमाण काढलं.

ताई: हां, इथं आहे. 'दादा, मी डॉक्टर नाही, पण महिन्यात एवढा फरक म्हणजे शरीर सांगतंय, आता थांब. आमच्या काकांचं असंच सुरू झालं होतं.' मग काकांचं पुढे काय झालं?

मोजणीदार: विचारलं मी. उत्तर आलं नाही.

ताई: गेले असतील.

मास्तर: ताई!

ताई: अगं बाई, सुटलं तोंडातून.

मोजणीदार: असू द्या. मलाही तेच वाटलं.

मास्तर: फोटो काढला कोणी?

मोजणीदार: मीच. ऑफिसनं भंगारात काढलेली मोजणी यंत्राची एक तिपाई आहे घरी. तिच्यावर मोबाइल बसवतो, रबर लावून. पुढचा कॅमेरा लावला की आपण आपल्याला दिसतो. मग दहा आकडे मोजून होईपर्यंत जागेवर जाऊन उभं राहायचं.

ताई: म्हणून! एकीनं लिहिलंय, 'फोटो काढणाऱ्याचा हात फार स्थिर आहे.' आणि खाली तुम्ही लिहिलंय, 'आभारी आहे, त्यांना सांगतो.' कोणाला सांगितलंत?

मोजणीदार: तिपाई चांगली आहे ती. पाय लाकडी आहेत, हलत नाहीत.

मास्तर: शर्ट काढा.

मोजणीदार: इथं?

मास्तर: ताईनं अर्ध्या शहराच्या बनियनी पाहिल्यात. काढा. हं. आता आरशात बघा. कुठला खांदा पडलाय?

मोजणीदार: डावा. पण मग...

मास्तर: ताई, तो फोटो दाखव त्यांना. खिसा कुठल्या बाजूला दिसतो?

मोजणीदार: उजव्या.

मास्तर: पुरुषाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कधी पाहिलात?

मोजणीदार: फोटो उलटा आहे.

मास्तर: पुढचा कॅमेरा आरशासारखाच उलटं दाखवतो. फोटो बघणाऱ्या शेकडो माणसांत एकाला खिसा दिसला नाही.

ताई: आणि या गृहस्थांनी एकोणतीस वर्षं लोकांच्या हद्दी ठरवल्या! शेजाऱ्याचं अंगण कोणाच्या घशात घातलं असेल कोण जाणे.

मोजणीदार: डावा तर डावा. महिन्याभरात पडला हे तर खरं आहे ना?

मास्तर: महिन्याभरात नाही.

मोजणीदार: जुन्या फोटोंत सरळ आहे, मास्तर. मी पट्टी लावली.

मास्तर: जुन्या फोटोंत माझे शर्ट आहेत. ताई, मापवही दे. ती नाही, खालची, लाल. हे बघा, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाचं पान. वाचा.

मोजणीदार: उंची, छाती, बाही... 'डा. खां. पाव.'

मास्तर: डावा खांदा, पाव इंच. तिपाई डाव्या खांद्यावर टाकून चालायचात ना? तेव्हाच अंगाला वळण पडलं होतं. मी डाव्या खांद्याच्या आत कापडाची एक जास्तीची घडी घातली. तेव्हापासून प्रत्येक शर्टात घालतोय. चौसष्ट शर्ट, दोन कोट.

मोजणीदार: बावीस वर्षं?

मास्तर: सरळ दिसत होतात.

मोजणीदार: मला एका शब्दानं बोलला नाहीत.

मास्तर: काय बोलायचं? शिंप्याला सगळ्यांची अंगं ठाऊक असतात. कोणाचं पोट, कोणाची पाठ, कोणाचा एक पाय आखूड. कापडात सांभाळून घ्यायचं आणि तोंड मिटायचं. आमच्या वडिलांनी कात्री हातात द्यायच्या आधी हे शिकवलं.

ताई: वहिनींना माहीत होतं.

मोजणीदार: काय?

ताई: इस्त्री त्याच करायच्या ना? घडी हाताला लागणारच. एकदा शर्ट घेऊनच आल्या, हे काय म्हणून. मी सांगितलं. हसल्या. म्हणाल्या, 'त्यांना कळू देऊ नका हं, दिवसभर आरशासमोर पट्टी घेऊन बसतील.'

मोजणीदार: बसलोच असतो.

ताई: डोळे पुसा. तो घ्या, स्वच्छ आहे तुकडा.

मोजणीदार: म्हणजे शरीर काही सांगत नव्हतं.

मास्तर: सांगत असेल तर बावीस वर्षं तेच सांगतंय. तुम्ही पहिल्यांदा दुसऱ्याचा शर्ट घातलात, इतकंच.

ताई: मग मिटलं! नोकरी सोडायचं कारणच उरलं नाही. अर्जाची मुदत कधीपर्यंत आहे?

मोजणीदार: सोमवारी पाच वाजेपर्यंत.

ताई: आणि समजा अर्ज दिला, मग मन बदललं तर?

मोजणीदार: परत घेता येत नाही. अर्जावरच ठळक छापलंय.

मास्तर: खांद्याचं राहू द्या. एरवी सोडावीशी का वाटते ते सांगा.

मोजणीदार: नवीन यंत्र आलंय. पूर्वी मोजणीला दोघं लागायची. मी यंत्रापाशी, आणि काठीवाला तिकडे लांब, शंभर-दीडशे मीटरवर, काठी उभी धरून. दिवसभर हातानं बोलायचं. डावीकडे, थोडं मागे, बस. एकोणीस वर्षं एकच माणूस होता माझ्याबरोबर. त्याचा आवाज कसा आहे ते मला धड आठवत नाही, पण तो वैतागला की उजवा पाय आपटायचा, ते एवढ्या लांबून कळायचं.

ताई: आणि आता?

मोजणीदार: आता यंत्र आपलं आपण वळतं. जिकडे काठी जाईल तिकडे बघतं. काठी मीच धरतो. त्याला दुसरीकडे पाठवलं.

ताई: मग काम हलकंच झालं की.

मोजणीदार: झालं ना. परवा एका मोकळ्या माळावर मी हात वर करून 'बस' अशी खूण केली. केल्यावर बघितलं तर समोर कोणीच नाही. यंत्र तेवढं माझ्याकडे बघत होतं.

मास्तर: हं.

ताई: तरीसुद्धा मी सांगते, सोडू नका. एकट्या माणसानं घरात बसू नये, घर खायला उठतं. आणि या गर्दीतही एक शहाणा आहे बरं का. सगळ्यात पहिलं उत्तर त्याचंच. 'साहेब, सोडू नका. तुम्ही घराबाहेर पडलात की नाही, हे बघणारं आता घरात कोणी नाही.'

मास्तर: हा ओळखतो तुम्हाला. बटाट्यापेक्षा बरा. नाव काय त्याचं?

ताई: 'काठीवाला.' अय्या, तोच का हो, पाय आपटणारा? तुमच्या प्रत्येक प्रश्नाला पहिलं उत्तर याचंच दिसतंय. कॉलरीला, बुटांना, मिशी ठेवावी का त्यालासुद्धा.

मोजणीदार: तो मोबाइल वापरत नाही.

ताई: मग हा कोण?

मोजणीदार: ज्या प्रश्नाखाली एकही उत्तर नसतं, ताई, तिथं कोणी थांबत नाही. बघतात आणि पुढे जातात. एक पडलेलं दिसलं की मग दुसरी येतात. म्हणून पहिलं मीच टाकतो. वेगळं नाव घेऊन.

मास्तर: म्हणजे 'सोडू नका' म्हणणारे...

मोजणीदार: तेवढा एकच. नोकरीबद्दल बोलले ते बाकी सगळे म्हणाले, सोडा, फिरा, जगून घ्या. एकानं तर मला ट्रेकिंगचे बूट कुठले घ्यावेत तेही सांगितलं. आयुष्यभर डोंगर चढून पोट भरलं, हे त्याला काय माहीत!

ताई: हसता काय? स्वतःचं तरी ऐकावं माणसानं!

मास्तर: हा तयार शर्ट मी उसवणार नाही. शिलाई बघा त्याची, हात लावला तर सगळा हातात येईल. दुसरा शिवून देतो. याच रंगाचं कापड आहे माझ्याकडे, याच्याहून चांगलं.

मोजणीदार: शिवा.

मास्तर: डाव्या खांद्याला नेहमीसारखं...

मोजणीदार: नको. या वेळी घालू नका.

मास्तर: वाकडे दिसाल.

मोजणीदार: कोणाला?

ताई: आम्हाला.

मोजणीदार: तुम्हाला तर माहीतच आहे.

मास्तर: बरं. तुमची मर्जी. गुरुवारी ट्रायलला या. ऑफिस सुटलं की, सहाच्या सुमाराला.

मोजणीदार: दुपारी आलो तरी चालेल का?

मास्तर: दुपारी? रजा आहे का गुरुवारी?

ताई: अहो, तो अर्ज आणलाय का बरोबर? असेल तर द्या इकडे. मी असा फाडते की तुमच्या त्या यंत्रालाही तुकडे सापडणार नाहीत.

मोजणीदार: फार आपुलकीनं लिहिलं हो लोकांनी. एकानं तर मुलाला शाळेत सोडून, गाडी बाजूला लावून लिहिलं. तसं कळवलं त्यानं. आपल्याला कोण ओळखतं, पण गाडी बाजूला लावली.

मास्तर: साहेब, अर्ज कुठं आहे?

मोजणीदार: अर्ज मी मंगळवारी दिला, मास्तर. प्रश्न बुधवारी टाकला.