रडण्याचा भाग दोन

…नाही जी हर्षदीपभाऊ, तुमच्या त्या जाहिरातीच्या पॅकेजपायी झोप उडाली असं नाही, तेवढं मोठं नका समजू त्याला. जागी होती मी रात्रभर, हे मात्र खरं. बसा ना. त्या खुर्चीचा पाय हलते, भिंतीला टेकून बसा. काऊन झोप नाही आली ते सांगते — म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. पहिलं तुमचं ऐकते. नाही, पहिलं माझंच ऐका. महिन्याभरापूर्वी तुमी आदिलाबादहून इथं जैनथला आले, लॅपटॉप उघडला, म्हणाले — ताई, तुमच्या खारोड्या चांगल्या आहेत, पण जगाला दिसत नाहीत. मला वाटत होतं, खारोडी दिसायची नसते, खायची असते. ज्वारीची भरड शिजवा, तीळ-मिरची-लसूण घाला, स्लॅबवर उन्हात बोटाएवढे गोळे टाका, वाळले की डब्यात भरा, संपलं. पण मी बी.एस्सी. झालेली बाई. शिकलेल्या माणसाला कोणी म्हणलं की तुला यातलं कळत नाही, तर त्याला लगेच पटते. अडाणी माणूस निदान भांडते.

तर मी फोटो टाकला. एकशे बारा जणींनी बदाम टाकले — जावा, नणंदा, कॉलेजच्या मैत्रिणी — त्यातल्या एकीनं पाव किलो घेतल्या असतील तर शपथ. पुण्याच्या एका बाईनं विचारलं, ग्लूटेन फ्री आहेत का? मी शोधलं. ज्वारीत ते नसतेच म्हणे. पाहा, जन्मभर आमी काहीतरी न घातलेलं खाऊन राह्यलो नि आमाला पत्ताच नाही. ते तुमी लेबलवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं. सासूबाई म्हणाल्या, मग यात गोटे नाहीत, हेही लिही खाली. मग तुमाला अस्सल गाव पाहिजे होतं. गॅस आत ठेवा, अंगणात चूल मांडा, आजीला नऊवारी नेसवा. सासूबाई लग्नापासून पाचवारी नेसतात, त्यांच्यासाठी नऊवारी शेजारून मागून आणली मी — अस्सल दिसायला. नि अंगणात चूल पेटलेली पाहून मागच्या घरच्या पंचफुलाबाई धावत आल्या, विचारायला, घरात काही बरंवाईट झालं का म्हणून. त्या व्हिडिओला किती लोकांनी पाह्यलं? सदतीस. त्यात दहादा मीच पाह्यला.

हसू नका, तुमच्याच पेजची गोष्ट आहे. तुमी म्हणत होते, पहिल्या तीन सेकंदांत माणसाला पकडा. आमी काही पकडलंच नव्हतं. पकडली ती माझी पोरगी, साक्षी. ओल्या खारोड्या उन्हात टाकल्या की पोरं अर्ध्या चोरून खातात, हे इथं प्रत्येक घरात आहे. आमीही खाल्ल्या, म्हणून आया चार मूठ भरड जास्तच शिजवतात. ती तोंड भरून बसलेली, आजी समोर उभी, नि ही मोठ्यानं रडत सांगते — मी नाही खाल्ली, उन्हानं खाल्ली. मोबाइल माझ्या हातातच होता, खारोड्यांचा व्हिडिओ घेऊन राह्यली होती मी. टाकला. तीन लाख लोक. हैदराबाद, नांदेड, कुठून कुठून ऑर्डरी. सासूबाई त्या पोरीला बाहेर नेताना कानामागं काजळाचा ठिपका लावतात, खाताना कोणी पाह्यलं तर मीठ-मिरच्या ओवाळतात. त्यांनी मला इतकंच विचारलं — तीन लाखांची दृष्ट काढायला मिरच्या कोण्या बाजारातून आणू? मी म्हणलं, आत्याबाई, ते तसं नसते. कसं असते, ते मलाही कुठं माहीत आहे?

हो, माल खपला. नाही कोण म्हणते? पण शाळेत पोरं तिला घेरून म्हणतात, रडून दाखव. नि बाईंनीही दाखवला म्हणे व्हिडिओ वर्गात, कौतुकानं. नि इकडं तुमचा रोज मेसेज — ताई, भाग दोन. ताई, लोक वाट पाहून राह्यले. ताई, पोरगीच तुमचा ब्रँड आहे.

आहे, शूट केला काल. म्हणून तर बोलावलं तुमाला. चांगला आला. पहिल्या तीन सेकंदांतच रडते. — कशी रडली? रडली आता. लहान पोरं रडतात. नाही, मारलं-बिरलं काही नाही, हात नाही लावला मी तिला, तशी आई नाही मी. पहिलं म्हणलं, रड; तर ती हसली. मग खारोडी हिसकावली, तर दुसरी उचलली तिनं. मग मी — उजेड जाऊन राह्यला होता ना — मी म्हणलं, आजी गेली. गाव सोडून गेली, आता कधीच नाही येणार. सासूबाई मागं पंचफुलाबाईकडं भरड दळायला गेल्या होत्या. पूर्ण घर धुंडलं तिनं, कोठीत, न्हाणीत, खाटेखाली, नि मी मागं मागं मोबाइल घेऊन. चाळीस सेकंद. मोबाइल हलला नाही माझा एकदाही.

तुमी काऊन असे पाहून राह्यले? तुमीच तर म्हणाले होते, भावना खरी पाहिजे.

टाकायचा का नाही, हेच तर ठरत नाही रात्रीपासून. टाका म्हणलं तर — थांबा जरा. सासूबाई निघाल्या. आज खरंच चालल्या, गुडीहत्नूरला नणंदेकडं, दोन दिवस. अकराची बस आहे. पिशवी द्या इकडं आत्याबाई, फाटकापर्यंत येते मी. साक्षी, ये बाळा, आजीला टाटा कर. आता रडंल पाहा, कालचं मनात असंल तिच्या… तुमी मोबाइल काढला? ठेवा तो. हर्षदीपभाऊ, खाली ठेवा म्हणते ना मी. नाही करायचा भाग दोन, पाणी प्या नि निघा तुमी. रडू नको साक्षी, आजी परवा — रडत नाही ही. पिशवीकडं पाहते, माझ्या हाताकडं पाहते. काय झालं बाळा? बोल ना.

“आई, आजी खरंच चालली का? तुझा मोबाइल कुठं आहे?”