पंपाची घरघर

कान तपासायच्या दवाखान्यात काउंटरवरची मुलगी पुढचा नंबर पुकारायचं विसरून ऐकत राहिली. समोरच्या बाकावर तपासणीचा आलेख हातात घेतलेले आजोबा होते आणि शेजारी त्यांच्या जुन्या वेधशाळेतल्या शास्त्रज्ञ बाई.

“बाई, हा खड्डा ओळखीचा वाटतो का?”

“अगदी आपल्या त्या धुळकट दीर्घिकेच्या आलेखासारखा! मधेच धपकन खाली.”

“तेव्हा केवढ्या नाचला होतात!”

“नाचणारच! खड्डा खोल म्हणजे धूळ दाट. आत एवढा उजेड कोंडलेला, आणि आपल्यापर्यंत पोचायची नुसती ऊब.”

“गारवा देणारा आमचा पंप बंद पडला असता, तर दुर्बिणीवरचं यंत्रच तापलं असतं. मग कसली ऊब दिसतेय!”

“म्हणून बारा वर्षं त्याला चिकटून बसलात. कानात बोळे घाला म्हणून किती ओरडायचे मी!”

“बोळे घातल्यावर पंपाची घरघर बदललेली कळणार कशी?”

“कान गेले ना पण,” बाई हळूच म्हणाल्या. “माझ्या दीर्घिकेपायी.”

“काय म्हणालात?”

बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. “म्हटलं, पंप छान चालायचा.”

“चालायचा काय? मला अजून ऐकू येतोय की!”