चतुराबाई तासभर गप

गप बसा म्हनाले! मला! बायांनो, बाप्यांनो, तुमीच सांगा, ह्या चतुराबाईला आजपातुर कुनी गप बस म्हनलंय का? म्हनलं असंल, आमच्या ह्यांनी म्हनलं असंल, लगीन झालं त्या वर्षी एकदा, पुन्यांदा काय म्हनले न्हाईत... पन ते जाऊ द्या. माझ्याच शेतात, माझ्याच बांधा-धुऱ्यावर, माझी दोन एकर ज्वारी हुरड्यात आलेली, वरून पाखरांची झुंबड, आन् मला म्हनतेत, "ताई, एक तास अगदी शांत हं!" का? तर म्हने लेकरं निसर्ग लिव्हायलेत. इंग्रजीत! आन् मी... गप.

आता तुमाला ज्वारीचं सांगते. आमच्या पेडगावात पहिलं सगळ्यांचीच ज्वारी असायची, पाखरं बी वाटून खायची. आता ज्याला बघावं त्याचं सोयाबीन, हरभरा, कापूस... अख्ख्या शिवारात ज्वारी उरली आमची एकट्याची, म्हनजे सगळ्या पाखरांची पंगत आमच्याकडं! चिमन्या येतेत, राघू येतेत, त्यांना मी काय म्हनत न्हाई, चार दाने खाऊन जातेत. पन भोरड्या! काळ्या-गुलाबी, एकदा उतरल्या की हजार-दोन हजार, अन् कनसाचा नुसता दांडा ठेवतेत! त्यांच्यावर औषध एकच... गोफन न्हाई, पत्र्याचा डबा न्हाई, माझा गळा! राखनीसाठी शेतात लाकडाचा उंच माळा बांधलाय, त्या माळ्यावर उभी राहून मी एकदा 'हाऽऽऽ हुर्र्र्' केलं ना, की भोरड्या उठतेत, शेजारच्या शेतातली बैलं थांबतेत, आन् रस्त्यानं जानारा मानूस मोटरसायकल हुबी करून बघतो. महिनाभर असं वरडावं तवा घरात वर्षाची भाकर येती. आता कळलं का, मी गप बसले तर काय जातंय ते?

तर आमची शिवकन्या. नववीला हाय, परभनीला शाळेत जाती. तिच्या इंग्रजीच्या संघप्रिया मॅडम, लय गोड बाई, आवाज असा की कान नेऊन लावावा तवा ऐकू यावा. त्यांनी काढलं, इंग्रजीचा धडा शेतात जाऊन वाचायचा, आन् मंग गुमान बसून जे दिसंल, जे ऐकू येईल ते वहीत लिव्हायचं. कुनाच्या शेतात? तर हिनं हात वर केला! मी म्हनलं, अगं बया, वर्गातली निम्मी लेकरं शेतकऱ्याचीच, त्यांना शेत दाखवायला माझ्याच शेतात कशाला? तर म्हनती, "आई, तसं नसतंय, हे बघनं येगळं असतंय." आन् आदल्या दिवशी चुलीपाशी येऊन बसली. "आई, एक सांगू? उद्या तू वरडायचं न्हाई. सगळे हसतेल मला."

अवो, दुनियेचं काय बी ऐकून घेते मी, पन लेकीला आपली लाज वाटायली... इथं, इथं लागलं बगा. म्हनलं, बरं बाई, न्हाई वरडत. तेवढ्यावर सोडती का ती? डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. सवताच्या डोक्यावर!

आले. अडतीस लेकरं, टोप्या काय, बाटल्या काय! मॅडम टेम्पोतून उतरल्या, डोळे मिटले, "आहा! किती शांतता आहे ना ताई इथं!" आता हिला काय सांगू, बाई, शांतता हाय कारन मी शपथ घेतलीय! मंग धुऱ्यावर वळीनं बसवलं लेकरांना, धडा वाचला, 'द बर्ऽऽड... द स्काऽऽय...' मला काय कळतंय, पन पाखरांचाच असनार, बोट वर करून दाखवायल्या होत्या. आन् मंग, "मुलांनो, आता एक तास कुणी बोलायचं नाही. निसर्गाला घाबरवायचं नाही." निसर्गाला! निसर्ग तिकडं लिंबाच्या झाडावर बसून कवाधरनं माझ्याकडं बघायला, की आज ही बाई वरडंना कशी?

आधी एक आली. कनसावर बसली, मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. मी... गप. मंग धा आल्या. मंग ढगच उतरला, अवो ढग! कट-कट-कट दाने फुटायचा आवाज, आन् मॅडम हळूच म्हनत्यात, "ऐका, किती सुंदर!" माझी वर्षाची भाकर कटकट वाजायली आन् लेकरं लिव्हायलीत! गोफनीकडं हात गेला तर शिवकन्यानं डोळे वटारले. म्हनलं, तोंडाची शपथ हाय, हातापायाची कुठं हाय? सुटले ज्वारीतून, हात हलवत, पदर उडवत, उड्या मारत, तोंडातून आवाज न्हाई! भोरड्या जरा सरकून बसल्या, मला जागा पाह्यजे असंल म्हनून. आन् मॅडम? "बघा, बघा, ताई किती आनंदात आहेत! लिहा!"

त्यात आली सरजाबाई. दोन शेतं टाकून तिचा हरभरा हाय. पळत आली, धापा टाकत, "चतुरे! अगं सकाळधरनं तुझा आवाज न्हाई, मला वाटलं पान लागलं, साप-बिप चावला का काय!" मी तोंडावर बोट ठेवलं, हात हलवले, खुनेनं सांगितलं. तर ही म्हनती, "अगं बाई बाई बाई, वाचा गेली!" आन् बसली की गळा काढून! तिच्या रडन्याला भोरड्या भीक घालतेत व्हय? मॅडम इकडून 'शूऽऽ' करायल्यात, ती तिकडून आमच्या ह्यांना फोन लावायली. हे गेलेले जिंतूरला, पाव्हन्याकडं. "अवो, चतुराबाईची वाचा गेली!" आन् फोनमधून हे म्हनतेत, "खरंच?" तुमाला सांगते, आवाजात काळजीचा लवलेश न्हाई! "दवाखान्यात न्यावं का?" तर म्हनतेत, "घाई करू नका. मी आलो की निवांत बघू." निवांत! ह्याला उत्तर द्यायचं किती तोंडावर आलं होतं... पन लेकीच्या डोक्यावरची शपथ! मी... गप.

संपला एकदाचा तास. मॅडमनी घड्याळ बघितलं, गोड हसल्या, "ताई, आता बोललात तरी चालेल हं."

बोललात तरी! अवो तासाभराचं साठलेलं! चढले माळ्यावर आन् सोडला, "हाऽऽऽऽऽ हुर्र्र्र्!" भोरड्यांचा ढग उठला, अडतीस वह्या खाली पडल्या, टेम्पोत झोपलेला डायव्हर गाडी चालू करूनच जागा झाला, आन् मॅडम मागं सरकता सरकता पान्याच्या दांडात बसल्या. म्हनलं, गेली माझ्या पोरीची इज्जत. तर लेकरं टाळ्या वाजवायलीत! "काकू, अजून एकदा!" सगळी माळ्याखाली येऊन वरडायला लागली, आन् चिखलातून उठलेल्या मॅडम बी... ऐकू काय आलं न्हाई, पन तोंड हलायलं होतं. सरजाबाई म्हनती, "आली गं, वाचा आली!" ज्वारी बी वाचली बऱ्यापैकी. पाव हिस्सा निसर्गानं खाल्ला.

आन् शिवकन्याचा लिव्हन्यात पहिला नंबर! पाखरू न्हाई, झाड न्हाई, काय लिव्हलं होतं? घरी मराठीत करून सांगितलं तिनं. "आज माझी आई एक तास गप होती. कनसं जायलेली तिला दिसत होती, मला बी दिसत होती. मी डोळे वटारले म्हनून ती गप होती. मला माझीच लाज वाटली." खोटं कशाला सांगू, रडू आलं बगा मला. म्हनलं, बाळा, मंग तवाच सांगायचं न्हाई का, आई वरड म्हनून? तर म्हनती, "मॅडमनी बोलायचं न्हाई म्हनलं होतं ना!"

बक्षीस काय मिळालं इचारा. इचारा की! मातीचं भांडं, दोरीला बांधलेलं. पाखरांना दाने टाकायचं! दारात टांगलंय. रोज मूठभर ज्वारी त्यात कोन टाकतंय? मीच! आन् नुसती टाकत न्हाई, लाडानं बोलावते बी, "याऽऽ गं बायांनो, खाऽऽ पोटभर!" एक चिमनी टेकंल तर शपथ. आवाज वळखतेत मेल्या! काल शिवकन्या म्हनती, "आई, तू गप बस, म्हंजे येतेल."

आन् मी... गप.