भिंतीतली वाट

बोटाची पट्टी बदलायला आलेला गवंडी दवाखान्यात बसला होता. मागच्या बाकावर दोन शेजारणींचं चाललं होतं.

“बागेच्या भिंतीपाशी मुंगूस सकाळपासून नुसतं येरझारा घालतंय गं.”

“खालच्या भोकातून जायचं ना ते?”

“काल बुजवलं की कुणीतरी! पिलं राहिली पलीकडच्या झाडीत.”

“अगंबाई! बुजवायला सांगितलं कुणी?”

“कुणीच नाही. काम वरच्या कठड्याचं होतं. उरलेल्या मालात हे फुकट लिंपून दिलं. वर माळ्याने त्याला शाबासकी दिली!”

“आणि पिलं?”

“पहाटेपर्यंत चीं चीं करत होती. आता आवाज नाही.”

“गवंडीमामा, आत या!” कंपाउंडरने हाक मारली.

मागचं बोलणं तुटलं. गवंडी उठला.

“माझा नंबर तुम्ही घ्या, ताई,” तो मागे न बघताच म्हणाला. “कालचं सिमेंट आज दुपारपर्यंत कच्चं असतं.”